पीडीएफ उपसायची लायब्ररी: एआयला हाताशी धरून केलेल्या शोधाच्या नोंदी

४ ऑगस्ट

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो. लोक आपल्या ॲपमध्ये पीडीएफ टाकतात, बिलं, स्टेटमेंट, अहवाल, वाट्टेल ते, आणि त्यातला मजकूर आणि तक्ते उपसून सर्चला द्यायचेत. सर्व्हिस पायथनमध्ये आहे, कोड बंद आहे (म्हणजे बाहेर कुणाला दाखवत नाही) आणि बंदच राहणार आहे, ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणारे. सध्याचा कोड पायपीडीएफ२ या लायब्ररीवर (म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडवर) चालतो, कुणी लिहिला ते गिटला (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाला) विचारलं तर कधीच सोडून गेलेल्या माणसाचं नाव येतं, आणि दोन कॉलमचं पान आलं की डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीला चिकटून असं काहीतरी बाहेर पडतं की वाचणाऱ्याने कपाळावर हात मारावा.

नवी लायब्ररी शोधायची आणि शोधायला, तुलना करायला एआय वापरायचा असं ठरलंय. मॅनेजरसाहेब म्हणाले, "विचार ना त्याला, अर्ध्या तासात तक्ता देईल." तक्ता अर्ध्या मिनिटात आला. दिसायला झकास, लायसन्स, वेग, टेबल जमतात का, देखभाल चालू आहे का, आणि खाली ठळक अक्षरात शिफारस.

वरवर बघितलं तरी दोन गोष्टी खटकल्या. यादीत रिपोर्टलॅब आहे, जी पीडीएफ बनवायला वापरतात, वाचायला नाही. आणि पाइकपीडीएफ आहे, जी फाइल जोडणं, तोडणं, दुरुस्त करणं याला उत्तम, पण मजकूर काढणं हे तिचं कामच नाही. नावात पीडीएफ दिसलं की आत घेतलं असा प्रकार. पहिल्या नंबरावर कोण, तर पायपीडीएफ२, आणि तिच्यापुढे "सर्वात लोकप्रिय, सक्रिय देखभाल".

५ ऑगस्ट

पायपीडीएफ२ ची गोष्ट नीट लिहून ठेवतो कारण हा घोळ बाकीच्या लायब्ऱ्यांच्या बाबतीतही होणार आहे. मूळ नाव पायपीडीएफ, मग पायपीडीएफ२ आली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये सगळं काम परत मूळ पायपीडीएफ नावाखाली नेलं. पायपीडीएफ२ तिथेच थांबली, तिच्या पानावर तसं स्पष्ट लिहिलंय. पण २०२२ च्या आधीची दहाएक वर्षांची प्रश्नोत्तरं, ट्युटोरियल, नमुना कोड सगळा जुन्या नावाने पडलाय, आणि मॉडेल शिकलं ते त्यावर. त्यामुळे त्याच्या डोक्यात जास्त बोललं गेलेलं नाव म्हणजे जास्त चांगलं नाव.

त्याने दिलेला नमुना कोड चालवला तर लगेच एरर: पीडीएफफाइलरीडर हा क्लास ३.०.० मध्ये काढून टाकलाय, पीडीएफरीडर वापरा. म्हणजे लायब्ररी स्वतः सांगतेय की बाबा रे हे जुनं आहे. एररचा मजकूर एआयला चिकटवला तर माफी मागून दुरुस्त करून देतो, पण दुरुस्तीही पायपीडीएफ२ मध्येच, "तुम्ही मुळात दुसरीकडे जायला हवं" हे काही बोलत नाही.

आजपासून नियम: तक्त्यातला प्रत्येक रकाना कुठून आला ते शेजारी लिहायचं. मॉडेलच्या आठवणीतून आला असेल तर तो रकाना रिकामा समजायचा.

६ ऑगस्ट

प्रश्न विचारायची पद्धत बदलली आणि फरक पडला.

"सर्वात चांगली कोणती" विचारलं की तो एक विजेता काढून देतो, कारण आपण विजेता मागितलाय. त्याऐवजी आधी आपलं काम लिहिलं: फक्त वाचायचंय, बनवायचं नाही, बंद कोड, नेटवर्कवरून वापरली जाणारी सर्व्हिस, टेबल हवेत, दोन कॉलमची पानं हवीत, स्कॅन केलेली पानं ओळखता आली पाहिजेत, मेमरी मर्यादित. मग म्हटलं, या कामासाठी उमेदवार सांग आणि प्रत्येकाला मी कोणत्या कारणाने नाकारेन ते सांग. आता उत्तरं कामाची यायला लागली. टॅब्युला-पाय या लायब्ररीला जावा ही दुसरी प्रोग्रामिंग भाषा लागते म्हणजे आपल्या कंटेनरमध्ये जावा भरावं लागेल, हे त्याने आपणहून सांगितलं. कॅमेलॉट स्कॅन केलेल्या पानांवर चालत नाही हेही सांगितलं. दोन्ही तपासलं, दोन्ही खरं.

नाकारायची कारणं मागितली की हा माणूस (माणूस म्हणतोय मी त्याला, असू दे) जास्त खरं बोलतो.

अजून एक गंमत बघितली. "अमुकपेक्षा तमुक बरी ना?" विचारलं तर तमुक बरी. नवीन चॅट उघडून नावं उलटी केली तर पहिली बरी, आणि दोन्ही वेळा कारणं अगदी पटण्यासारखी. म्हणून आता तुलनेच्या प्रश्नात आपला कल दिसू द्यायचा नाही, आणि नावांचा क्रम उलटून परत विचारायचं. उत्तर फिरलं तर त्या मुद्द्यावर मॉडेलकडे सांगण्यासारखं काही नाही एवढंच कळतं, पण तेही कळणं बरं.

७ ऑगस्ट

उमेदवार ठरले: पायपीडीएफ, पीडीएफमायनर डॉट सिक्स, तिच्यावरच उभी असलेली पीडीएफप्लंबर, पायमूपीडीएफ, पायपीडीएफियम२. टेबलांसाठी कॅमेलॉट वेगळी बघायची. टॅब्युला बाद.

पीडीएफमायनर आणि पीडीएफमायनर डॉट सिक्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे टीममधल्या धाकट्याला समजावून सांगावं लागलं, कारण एआयच्या उत्तरात दोन्ही नावं आलटून पालटून येत होती. मूळ प्रकल्प थांबलाय, डॉट सिक्स ही कम्युनिटीने चालवलेली शाखा आहे. नुसतं पीडीएफमायनर इन्स्टॉल केलं की जुनं येतं.

८ ऑगस्ट

आज खरी करमणूक. पायमूपीडीएफचा नमुना कोड मागितला, कोड ठीक, वर "इम्पोर्ट फिट्झ", तेही ठीक कारण ही लायब्ररी वर्षानुवर्षं फिट्झ नावानेच इम्पोर्ट होत आलीय, जुन्या रेंडरिंग इंजिनाचं नाव ते. पण इन्स्टॉल कसं करायचं विचारलं तर म्हणे "पिप इन्स्टॉल फिट्झ". आता पायपीआयवर (पायथनची पॅकेजं जिथून उतरवतात ते ठिकाण) फिट्झ नावाचं एक पॅकेज खरंच आहे! ते मेंदूच्या स्कॅनच्या डेटावर काम करणाऱ्यांसाठी आहे, पीडीएफशी काडीचा संबंध नाही. पायमूपीडीएफच्या डॉक्युमेंटेशनमध्ये याबद्दल वेगळा इशारा आहे, म्हणजे जगभर किती लोक त्यात पडले असतील बघा. आता नव्या आवृत्त्यांत "इम्पोर्ट पायमूपीडीएफ" चालतं, तेच वापरायचं, फिट्झ नाव आपल्या कोडमध्ये कुठेही नको.

इथे नाव खरं होतं पण माल दुसराच. याच्या पुढची पायरी म्हणजे नावच खोटं. धाकट्याने आज दाखवलं, एआयने टेबल काढायला एक लायब्ररी सुचवली होती, नाव इतकं साजेसं की शंकाच येऊ नये, आणि पायपीआयवर शोधलं तर असं काही नाहीच.

यावर अभ्यास झालेला आहे, नुसती आपली तक्रार नाही. १६ मॉडेलांकडून ५,७६,००० कोडचे नमुने लिहून घेतले, त्यात अस्तित्वातच नसलेली २,०५,४७४ वेगवेगळी पॅकेज नावं निघाली. व्यावसायिक मॉडेलांत सुचवलेल्या पॅकेजपैकी सरासरी निदान ५.२ टक्के खोटी, ओपन मॉडेलांत २१.७ टक्के. आणि त्यातली बरीच खोटी नावं परत परत तीच येतात, एकदाच आलेली चूक असं नसतं. मग एखादा लबाड माणूस ते नाव आधीच नोंदवून ठेवतो, आत काय वाट्टेल ते भरतो आणि वाट बघत बसतो. याला स्लॉपस्क्वॉटिंग म्हणायला लागलेत. एका सुरक्षा संशोधकाने असंच एक खोटं नाव स्वतः नोंदवून रिकामं पॅकेज टाकून बघितलं तर तीन महिन्यांत ३०,००० च्या वर डाउनलोड झाले. रिकाम्या पॅकेजला!

म्हणून: एआयने सांगितलेलं नाव सरळ टर्मिनलवर टाकायचं नाही. आधी पायपीआयचं पान, तिथून रेपोची (मूळ कोड ठेवलेल्या जागेची) लिंक, रेपोच्या रीडमी फाइलमध्ये इन्स्टॉलची जी ओळ आहे तीच ओळ घ्यायची. धाकट्याला म्हटलं, बाबा, कॉपी-पेस्ट तिथून कर, चॅटमधून नको.

११ ऑगस्ट

लायसन्सचा दिवस. हाच सगळ्यात महत्त्वाचा आणि हाच लोक शेवटाला ठेवतात.

एआयच्या तक्त्यात पायमूपीडीएफपुढे "ओपन सोर्स, मोफत" असं होतं. हे खोटं नाही, पण आपल्यासाठी घातक आहे. ती एजीपीएल तीन (कोड खुला ठेवायची अट घालणारा लायसन्स) किंवा आर्टिफेक्स कंपनीचा पैसे भरून घ्यायचा लायसन्स, या दोन रस्त्यांनी मिळते. साधी जीपीएल असती तर सर्व्हरवर चालवतोय, कुणाला प्रत वाटत नाही, म्हणून वाट निघाली असती. एजीपीएलच्या १३ व्या कलमाने नेमकी तीच वाट बंद केलीय: बदल केलेला प्रोग्राम नेटवर्कवरून लोकांना वापरायला दिला तर त्यांना सोर्स मिळण्याची सोय द्यावी लागते. आता नुसती लायब्ररी इम्पोर्ट केली तर आपला कोड किती त्याच्या कक्षेत येतो, याचा निकाल एआयने लावायचा नाही आणि मीही लावायचा नाही. लीगलवाल्या ताईंना मेल टाकला, त्यांचं उत्तर एका ओळीत: "पैसे भरून घ्या नाहीतर दुसरी बघा."

बाकीच्यांचं तपासून घेतलं, प्रत्येक रेपोतली लायसन्स फाइल उघडून. पायपीडीएफ बीएसडी (हा, एमआयटी आणि अपाची हे तिन्ही सैल लायसन्स, बंद कोडलाही चालतात). पीडीएफमायनर डॉट सिक्स आणि पीडीएफप्लंबर एमआयटी. पायपीडीएफियम२ अपाची किंवा बीएसडी, आणि आतलं पीडीएफियम हे क्रोमचं पीडीएफ इंजिन, मूळ फॉक्सिटचं, गुगलने २०१४ मध्ये खुलं केलेलं. या चौघींना आपल्याकडून हरकत नाही.

कॅमेलॉट स्वतः एमआयटी आहे, पण रेघा असलेले तक्ते ओळखायला ती पानाचं चित्र करते आणि त्यासाठी बरीच वर्षं घोस्टस्क्रिप्ट लागायचं, आणि घोस्टस्क्रिप्ट परत एजीपीएल! नव्या आवृत्त्यांत पीडीएफियमचा पर्याय आहे. हे एआयच्या तक्त्यात येणं शक्यच नव्हतं कारण तक्ता लायब्ररीचा होता, तिच्या खालच्या थरांचा नव्हता. मग मुद्दाम विचारलं: "हिच्या सगळ्या अवलंबनांची यादी दे, पायथनच्या बाहेरची धरून, आणि प्रत्येकाचा लायसन्स." तेव्हा घोस्टस्क्रिप्ट आलं. विचारलं की येतं, न विचारता येत नाही.

लायसन्सबद्दल एआयचं उत्तर शिळं असू शकतं हे दाखवायला टीमला रेडिस या डेटाबेसचं उदाहरण दिलं. मार्च २०२४ पर्यंत बीएसडी. तेव्हा बदलून आरएसएएल आणि एसएसपीएल (दोन्ही जास्त बंधनांचे) केलं, त्यावर वैतागून लिनक्स फाउंडेशनखाली व्हॅल्की नावाचा फोर्क (वेगळी शाखा) निघाला. मग मे २०२५ मध्ये रेडिस ८ ला एजीपीएलचा पर्याय जोडला. म्हणजे "रेडिसचा लायसन्स काय" याची तीन उत्तरं, तिन्ही कधी ना कधी बरोबर, आणि मॉडेलची माहिती कुठे थांबलीय त्यावर कोणतं मिळेल ते ठरणार. पीडीएफच्या जगातही हे जुनंच आहे, आयटेक्स्ट या पीडीएफ लायब्ररीने २००९ मध्ये पाचव्या आवृत्तीला एजीपीएल घेतला आणि कितीतरी कंपन्या जुन्याच आवृत्तीला चिकटून बसल्या.

१२ ऑगस्ट

एआयकडून छोटी स्क्रिप्ट लिहून घेतली: प्रत्येक नावासाठी पायपीआयचं जेसॉन पान (मशीनला वाचता येईल अशा रूपातलं) ओढायचं, शेवटची आवृत्ती, तिची तारीख, पायथनच्या कोणत्या आवृत्त्या, लायसन्सचा रकाना, रेपोची लिंक, सगळं एका सीएसव्हीत. अशा कामात हा पठ्ठ्या खरंच तरबेज आहे, आपल्याला कंटाळा येणारं सगळं हसत करतो. लायसन्सचा रकाना कितीतरी पॅकेजांत रिकामा असतो किंवा तिथे अख्खा लायसन्सचा मजकूर चिकटवलेला असतो, त्यामुळे तिथून मिळालेलं ते फक्त पहिला अंदाज, खरी ती रेपोतली फाइल.

थोडक्यात, एआयला माहिती विचारण्यापेक्षा माहिती आणणारं यंत्र बनवून घेणं जास्त फायद्याचं.

१३ ऑगस्ट

गिटहबवरच्या स्टारवरून (लोक रेपोला देतात त्या पसंतीच्या खुणा) वाद. टीममधल्या एकाचं म्हणणं, जिला जास्त स्टार ती घ्या, एवढे लोक चुकीचे कसे असतील. गिटहबवर स्टार विकत मिळतात, आणि २०२४ मधल्या एका संशोधनात असे लाखो संशयित स्टार सापडलेत. आणि खरे असले तरी स्टार म्हणजे कधीतरी कुणाला आवडलं होतं, एवढंच. मोमेंट डॉट जेएस (तारखांसाठीची जावास्क्रिप्ट लायब्ररी) घ्या, सप्टेंबर २०२० मध्ये तिच्याच लोकांनी सांगितलं की आता नव्या कामाला ही वापरू नका, तरी अजून आठवड्याला लाखोंनी डाउनलोड होते. डाउनलोडचे आकडे तर बरेचसे सीआय सर्व्हर (कोड बदलला की तो आपोआप तपासणारे) वाढवतात, दर बिल्डला एक. वाद मिटला नाही, पण स्टारचा रकाना काढून टाकला.

१८ ऑगस्ट

नमुना फायली जमवल्या. टेस्टिंगवाल्या ताईंनी मन लावून निवडल्यात: दोन कॉलमचे अहवाल, रेघांचे तक्ते, रेघा नसलेले तक्ते (हे खरे छळतात), फिरवलेली पानं, नुसती स्कॅन, अर्धी स्कॅन अर्धी मजकूर, पासवर्डवाली, देवनागरी, आणि एक अशी की जी कोणत्याच व्ह्यूअरमध्ये धड उघडत नाही. प्रत्येकीसाठी अपेक्षित मजकूर हाताने टाइप करून ठेवलाय. कंटाळवाणं काम, पण हे नसेल तर एआयने दिलेला "अचूकता: उत्तम" हा रकाना म्हणजे काठावर उभं राहून विहिरीची खोली सांगण्यातला प्रकार.

मध्ये एकदा सुचवणी आली होती की अपेक्षित मजकूरही एआयकडूनच काढून घेऊ. ताईंनी साफ नकार दिला, आणि बरोबर केलं. ज्याची परीक्षा घ्यायची त्याच्याकडूनच उत्तरपत्रिका कशी घेणार.

१९ ऑगस्ट

आधी एक समजून घेतलं पाहिजे, आणि हे एआयने खूप छान समजावलं, श्रेय द्यायला हवं. पीडीएफमध्ये "शब्द", "ओळ", "परिच्छेद", "तक्ता" असं साधारणपणे काही नसतंच. असतं ते एवढंच, की या फॉन्टमधलं हे चिन्ह या जागी काढ. बहुतेक वेळा चिन्हांमधल्या अंतरावरून लायब्ररी ठरवते की इथे शब्द संपला, इथे ओळ संपली. तक्ता म्हणजे तर निव्वळ रेघा आणि मजकूर शेजारी शेजारी. म्हणून प्रत्येक लायब्ररीचा अंदाज वेगळा, आणि "अचूक" हा शब्द फाइलवर अवलंबून.

चाचणी चालू केली. वेगात पायपीडीएफियम२ कितीतरी पुढे, ते अपेक्षितच, आतलं काम सी++ मध्ये होतं. पीडीएफमायनर आणि तिच्यावरची प्लंबर निवांत चालतात, सगळं पायथनमध्ये आहे. पण प्लंबर प्रत्येक अक्षराची जागा, फॉन्ट, आकार, प्रत्येक रेघ, चौकोन हातात देते, आणि पानाच्या चित्रावर तिला कुठे तक्ता दिसला ते रेघा मारून दाखवते. ताई त्यावर एकदम खूष, कारण चुकलं तर का चुकलं ते डोळ्यांनी दिसतं.

रेघांशिवायच्या तक्त्यांवर प्लंबर आधी कोरडीच आली, काहीच सापडेना. कारण मुळात ती रेघा शोधते. उभी आणि आडवी दोन्हीकडची पद्धत "टेक्स्ट" केली की मजकुराच्या कडांवरून कॉलम ओळखते. मग सापडतं, कधी कधी जास्तच सापडतं, साध्या परिच्छेदालाही तक्ता समजते. त्यामुळे आधी रेघांनी, नाही मिळालं तर मजकुराने, असा क्रम लावला.

२० ऑगस्ट

देवनागरी.

"किती" हा शब्द काही फायलींतून "िकती" असा बाहेर येतो. पडद्यावर ऱ्हस्व वेलांटी क च्या आधी काढली जाते, साठवताना मात्र युनिकोडमध्ये ती क च्या नंतर असते. लायब्ररी दिसतं त्या क्रमाने उचलते, डावीकडून उजवीकडे, आणि वेलांटी उडी मारून पुढे येते. जोडाक्षरांचं आणखी वेगळं: त्यांना फॉन्टमध्ये स्वतःचं एक चिन्ह असतं आणि ते कोणत्या अक्षरांचं बनलंय ते सांगणारा नकाशा, टूयुनिकोड म्हणतात त्याला, पीडीएफ बनवणाऱ्याने नीट भरला असेल तर ठीक, नाहीतर भलतंच अक्षर किंवा नुसता चौकोन. हा दोष वाचणाऱ्या लायब्ररीचा नाही, फाइलमध्येच माहिती नाही तर ती कुठून आणणार.

एआयला विचारलं देवनागरीसाठी कोणती लायब्ररी चांगली, तर सगळ्यांपुढे "युनिकोड सपोर्ट: होय" लिहून मोकळा. होय ला काय अर्थ आहे इथे? त्याच फायली सगळ्यांत घालून बघितल्या, नकाशा वाईट असलेल्या फाइलवर सगळ्याच आपटल्या, नकाशा चांगला असलेल्यांवर फरक होता, पण वेलांटीचा प्रश्न थोडाफार सगळीकडे. जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये बनवलेल्या फायलींचं तर नावच नको, त्यांत देवनागरी दिसणाऱ्या अक्षरांच्या मागे इंग्रजी कीबोर्डवरची अक्षरं बसलेली असतात.

ठरलं असं की मजकूर काढल्यावर शहानिशा करायची: शब्दाच्या सुरुवातीला सुटी मात्रा किंवा वेलांटी दिसली, किंवा देवनागरी असायला हवं तिथे लॅटिन कचरा दिसला, की ते पान सरळ ओसीआरकडे (चित्रातून अक्षरं ओळखायला). टेसरॅक्ट त्यासाठी, लायसन्स अपाची, १९८५ पासून एचपीमध्ये बनलेलं, २००५ मध्ये खुलं झालं, मराठीसाठी वेगळी भाषेची फाइल मिळते. सुट्या वेलांटीची रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरात नमुना शोधायचं सूत्र) एआयने लिहून दिली आणि ती पहिल्यातच चालली.

२१ ऑगस्ट

मेमरी. मोठ्या अहवालावर प्लंबर पानामागून पान चढत गेली आणि खाली यायचं नाव घेईना. ती प्रत्येक पानाच्या वस्तू लक्षात ठेवते. पान झालं की पेज डॉट क्लोज म्हणायचं, मग ठीक.

पीडीएफियम थ्रेडसुरक्षित नाही (एकाच प्रोसेसमध्ये एकाच वेळी अनेक कामांनी वापरली तर बिघडते), हे डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट आहे, एआयने मात्र थ्रेडपूल वापरणारा कोड आनंदाने दिला होता. वेगळ्या प्रोसेस वापरायच्या. तसंही कुणीतरी मुद्दाम बिघडवलेली पीडीएफ टाकली तर एक प्रोसेस मरावी, अख्खी सर्व्हिस नको.

२५ ऑगस्ट

लायब्ररीची तब्येत कशी तपासायची यावर अर्धा दिवस. ओपनएसएसएफ या ओपन सोर्स सुरक्षेच्या संस्थेचं स्कोअरकार्ड चालवलं, ० ते १० गुण देतं. आकडा हातात आला की मॅनेजरसाहेबांना बरं वाटतं, पण आतल्या तपासण्या बघितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. "देखभाल चालू" ही तपासणी गेल्या ९० दिवसांतली हालचाल बघते, म्हणजे काम पूर्ण होऊन शांत बसलेल्या लायब्ररीचे गुण कापले जातात. एकच माणूस चालवतोय तर कोड रिव्ह्यूचे गुण जातात. स्कोअरकार्डचे निकाल एआयला देऊन "यातले आपल्याला लागू पडणारे मुद्दे सांग" म्हटलं तर छाननी चांगली केली.

पण एक गोष्ट कुठलंच कार्ड सांगत नाही. एक्सझेड (फाइली आवळायचं साधन) आठवा, मार्च २०२४. थकलेला एकटा मेंटेनर (देखभाल करणारा), मदतीला आलेला उत्साही माणूस, दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास मिळवला आणि मग ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचं दार बसवलं. सापडलं कसं, तर एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून एका इंजिनिअरने खोदलं. आता त्या वेळी एआयला विचारलं असतं की या लायब्ररीची देखभाल कशी आहे, तर म्हणाला असता नवा सक्रिय मेंटेनर, नियमित कमिट, उत्तम. म्हणून आवृत्ती गोठवून ठेवणं, हॅश (फाइलचा ठसा) तपासणं, पिप-ऑडिट (माहीत असलेले सुरक्षेचे दोष शोधणारं साधन) रोज सीआयमध्ये चालवणं, आणि अपडेट आपोआप न घेणं. कंटाळवाणं आहे, असू दे.

इश्यूंची (लोकांनी रेपोत नोंदवलेल्या तक्रारींची) यादी वाचणं मात्र एआयकडून घेतलंच पाहिजे. उघडे इश्यू ओढून त्याला दिले आणि विचारलं, टेबल, मेमरी, फिरवलेली पानं यावर लोक काय रडतायत, इश्यूच्या नंबरासकट सांग. नंबर मागितले की थापा मारायला जागा उरत नाही, उघडून बघता येतं. फिरवलेल्या पानांबद्दल जी तक्रार त्याने काढून दिली तीच आपल्या नमुन्यात आम्हाला दिसत होती.

२७ ऑगस्ट

पायपीडीएफच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्वतःची इतरांशी तुलना करणारं एक पान आहे, स्पर्धकांची नावं घेऊन. एआयच्या तक्त्यापेक्षा ते पान कामाचं, कारण ते लिहिणारे हेच काम रोज करतात. उमेदवार ठरले की पहिलं हे शोधायचं: ज्याने लायब्ररी लिहिली तो शेजाऱ्याबद्दल काय म्हणतो. हे आता आमच्या प्रश्नांच्या साच्यात घातलंय.

२९ ऑगस्ट

निर्णय. साधा मजकूर पायपीडीएफियम२ ने, तक्ते असतील त्या पानांवर पीडीएफप्लंबर, संशयास्पद पानं टेसरॅक्टकडे. पायपीडीएफ मेटाडेटा आणि पासवर्डसाठी. कॅमेलॉट नाही, प्लंबरने जे भागतं त्यासाठी अजून एक अवलंबन कशाला. पायमूपीडीएफ वेग आणि दर्जा दोन्हीत चांगली होती, पण पैसे भरायचं बजेट यंदा नाही, तसं स्पष्ट लिहून ठेवतो म्हणजे "वाईट होती म्हणून सोडली" असं पुढे कुणी समजू नये.

एक सूचना पुढे काम करणाऱ्याला: पीडीएफियम जागा मोजते खालच्या डाव्या कोपऱ्यापासून, प्लंबर मोजते वरून. दोघींचे निकाल एकत्र करताना पानाच्या उंचीतून वजा करायचं. फंक्शन लिहिलेलं आहे, त्याला हात लावू नका.

सगळ्या लायब्ऱ्या एका पातळ इंटरफेसच्या मागे ठेवल्यात, उद्या एखादीचा लायसन्स फिरला तर एकच फाइल बदलावी लागेल. एआयला विचारायचे प्रश्न, पायपीआयची स्क्रिप्ट आणि ताईंच्या नमुना फायली रेपोत टूल्स फोल्डरमध्ये आहेत. स्क्रिप्ट दर महिन्याला सीआयमधून चालेल आणि लायसन्स फाइलचा हॅश बदलला तर माझ्यासकट लीगलवाल्या ताईंनाही मेल जाईल, त्यांनीच सांगितलंय तसं.

बाकी राहिलंय: उभ्या मजकुराची पानं, आणि फॉर्ममधले भरलेले रकाने, जे मजकुरात येत नाहीत, वेगळे काढावे लागतात. फॉर्मचं तिकीट धाकट्याकडे.